कमोड उचलायचा की नाही?

ओव्हरसिअर : आधी बाथरूमची फरशी वाजवून बघ. रुपयाच्या नाण्याने वाजवलीस तरी कळेल. दाराजवळ खणखणीत आवाज येतो आणि कमोडच्या अवतीभवती बद्द. म्हणजे नुसती टाइल सुटलेली नाही, खालचं भरण बसलंय. वर्ध्याच्या काळ्या मातीत यात नवल काही नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आपलं घर त्याच मातीवर उभं असतं, हे मात्र आपण विसरतो. जोत्यात मुरूम थराथराने, पाणी मारून, धुमसून भरला असेल तर फरशी टिकते. घाईत भरला असेल, पायाची उकरलेली मातीच परत आत ढकलली असेल, तर चारदोन पावसाळ्यांत ती खाली बसते. मग सांध्यातून पाणी आत जातं, आणि पाणी गेलं की भरण आणखी बसतं. अशा फरशीवर दुसरी चिकटवणं म्हणजे दुखणं पोटात आणि लेप कपाळाला. कमोड उचल, फरशी उखड, मुरमापर्यंत जा.

मालकीण : काकाजी, तुम्ही ‘उचल’ म्हणता तितकं ते सोपं असतं तर मी तुम्हाला विचारायला आलेच नसते. हा कमोड काही जुन्या पद्धतीचा नाही, की मागे प्लास्टिकची टाकी दिसतेय, नळी दिसतेय, दोन नट काढले की मोकळा. याची टाकी भिंतीत, फ्लशची नळी भिंतीत, मैला जाणारा पाइप भिंतीत. दिसतात ती फक्त दोन बटणं. बसवणारा प्लंबर कुठे गेला कोणाला ठाऊक नाही. घरात वर-खाली मिळून कमोड हा एकच, आणि आईंचे गुडघे असे की भारतीय संडासावर त्यांना बसताच येत नाही. फरशीसाठी कमोड काढला आणि त्याला तडा गेला, तर तेच मॉडेल आज मिळेल याची खात्री कोण देणार? उलट जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवायचा मसाला हल्ली तयार पिशवीत मिळतो, त्याला भारतीय मानकही आहे, आयएस १५४७७. मलबा नाही, धूळ नाही, दोन दिवसांत काम. खाली जिथे बद्द वाजतं तिथे भोक पाडून सिमेंटचं पाणी सोडू.

ओव्हरसिअर : मसाला चांगला आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पक्क्या, कोरड्या, न हलणाऱ्या फरशीवर तो उत्तम धरतो. पण तुझी फरशी यातली एकही अट पाळत नाही. आणि समज ती पक्की असती, तरी उंचीचा हिशेब कर. टाइल आठ-दहा मिलिमीटरची, खाली मसाला चारपाच मिलिमीटर. फरशी वर आली सव्वा ते दीड सेंटिमीटर. कमोड फरशीवर उभा आहे, तोही तेवढाच वर येणार. पण भिंतीतला मैल्याचा पाइप वर येणार नाही. असल्या पी-ट्रॅपच्या कमोडचं मागचं तोंड तयार फरशीपासून साधारण १८० मिलिमीटरवर धरतात आणि भिंतीतला पाइप त्याच मापाने बसवलेला असतो. फ्लशच्या नळीचंही तसंच, तीही भिंतीतून ठरलेल्या उंचीवर बाहेर येते. म्हणजे एक नाही, दोन तोंडं चुकली. मधे रबरी जोड असतो, तो थोडंफार सांभाळून घेतो. पण बळजबरीने वाकवलेला रबर भिंतीच्या आड गळायला लागला, तर तुला कळणार कधी? पलीकडच्या खोलीतल्या कपाटाला बुरशी आली म्हणजे. उघडा पाइप असता तर पहिला थेंब दिसला असता.

मालकीण : मग कमोडला हातच लावू नये. त्याच्या भोवतीने टाइल कापून बसवू. आमच्या ओळखीत तिघांनी तसंच केलंय, एकालाही त्रास झालेला नाही.

ओव्हरसिअर : अजून झालेला नाही, एवढंच म्हण. कमोडच्या बुडाभोवती गोलाई कापून टाइल लावली की तिथे एक सांधा तयार होतो, आणि तो नेमका सगळ्यात जास्त ओल्या जागी. वर पांढरं सिमेंट भरतात, ते वर्षभरात केसासारखं चिरतं. खालची जुनी टाइल तशीच, खालचं भरण तसंच. शिवाय उद्या कमोड बदलायचा झाला तर नव्याचं बूड जुन्याच्या मापाचं असेलच असं नाही, मग मधेच जुन्या टाइलचं ठिगळ उघडं पडेल. नाही बेटा, उचलायलाच हवा. आणि उचलता येतो. आधी पाणी बंद कर, फ्लश करून टाकी रिकामी कर. भांड्याच्या वाकणातलं पाणी फ्लशने जात नाही, ते मगाने किंवा स्पंजने काढावं लागतं. मग कडेचा सिलिकॉन पातळ पात्याने काप, बुडाचे दोन बोल्ट सोडव, आणि कमोड वर न उचलता सरळ पुढे ओढ. वर उचललास की मागची दोन्ही तोंडं अडकतात आणि चिनी माती तिथेच तडकते. बाहेर निघाला की भिंतीतल्या पाइपात कापडाचा बोळा कोंब. एक तर पाइपातून सेप्टिक टँकचा वायू घरात येतो, दुसरं म्हणजे फरशी फोडताना उडालेला चुरा त्यात पडला तर नवं दुखणं. मिस्त्रीने फोडायला सुरुवात करण्याआधी पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून भिंतीवर जुन्या फरशीच्या पातळीची खूण मारून ठेवायची, म्हणजे नवी फरशी बरोबर त्याच उंचीवर येते. उतार नहाणी ट्रॅपकडे. झालं. अडचण एकच. तुझ्या प्लंबरने बूड बोल्टवर न ठेवता पांढऱ्या सिमेंटमध्ये गाडलं असेल तर छिन्नी लावावी लागेल, आणि तेव्हा भांडं वाचेलच असं मी लिहून देणार नाही.

मालकीण : गाडलंय. मी बघितलंय. म्हणजे बघा, दोष भिंतीतल्या टाकीचा नाही, बसवणाऱ्याचा आहे. तुम्ही मघापासून ‘लपवलेलं’ या गोष्टीवर चिडून आहात, पण तुमच्याच हिशेबाने पुढे गेलं तर उत्तर उलटं निघतं. मी आणखी थोडे पैसे घालून भिंतीला टांगलेला कमोड घेतला असता, तर आज हा प्रश्नच आला नसता. त्याच्यामागे लोखंडी चौकट असते, ती भिंतीत गाडलेली. भांडं दोन जाड बोल्टांवर लटकतं, फरशीला टेकतच नाही. कंपन्या अशा चौकटीवर ४०० किलोचा भार चाचणीत घेतात. फरशी उखडा, बदला, खालून झाडू फिरवा, कमोडला धक्का नाही. म्हणजे जास्त लपवलं असतं तर जास्त मोकळं झालं असतं. आणि टाकी भिंतीत गेली म्हणजे ती कायमची बंद झाली, हाही गैरसमज आहे. बटणांची पट्टी काढली की त्या खिडकीतून हात आत जातो, व्हॉल्व्ह, फ्लोट, आतला कॉक सगळं तिथून निघतं, एक टाइल फोडावी लागत नाही. स्वित्झर्लंडच्या गेबेरिट कंपनीने १९६४ मध्ये अशी टाकी बाजारात आणली, तेव्हापासून हे काम साठ वर्षं मुरलंय. तुमचे उघडे पाइप मला आठवतात ना. सरकारी क्वार्टरच्या मागच्या भिंतीवरून उतरणारे बीडाचे पाइप, प्रत्येक सांध्यात पिंपळ उगवलेला. नंतर पीव्हीसी आले, ते आपल्या उन्हात पांढरे पडून कडकन मोडायचे. मे महिन्यात दुपारी बाहेरच्या पाइपातून येणाऱ्या पाण्याखाली हात धरवत नाही. भिंतीत पाइप घेण्यामागे नुसती हौस नाही, काकाजी.

ओव्हरसिअर : पिंपळाचं आणि उन्हाचं मान्य. खिडकीचं अर्धं मान्य. कागदावर ती खिडकी आहे. पण आपल्याकडे टाइल लावणारा वेगळा, प्लंबर वेगळा, आणि दोघं एका दिवशी एका जागी असतात कुठे? टाइलवाला पट्टीच्या कडेने सिमेंट असं भरतो की ती पुढे निघताना टाइलचा टवका घेऊनच निघते. त्यात आपलं बोअरचं पाणी जड. केटलीत जसा पांढरा थर बसतो तसा तो टाकीच्या वॉशरवर बसतो, आणि वॉशर नीट बसला नाही की भांड्यात पाण्याची बारीक धार रात्रंदिवस चालू. प्लास्टिकच्या उघड्या टाकीचा फ्लोट कोणताही पोरगा बदलून देतो, सामान आर्वीत मिळतं, देवळीत मिळतं, पुलगावात मिळतं. तुझ्या टाकीचा व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा लागतो, तो नागपूरहून मागवायचा, आणि बसवणारा म्हणणार, ‘मॅडम, हे आमच्याच्याने होत नाही, कंपनीचा माणूस बोलवा.’ माझा आक्षेप इथे आहे. पाइप दिसत नाही याला माझी हरकत नाही. घरातल्या माणसाला आपल्याच घरातलं काही करता येईनासं होतं, याला आहे. आपण कुठे राहतो ते बघ ना. इथून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. बापूकुटी माती-बांबूची, आणि तिला जोडूनच न्हाणीघर आणि संडास. आश्रम बघायला येणारा माणूस तोही बघून जातो, कारण गांधीजींच्या लेखी तो घराचा लपवायचा भाग नव्हता. आश्रमातले लोक संडास स्वतः साफ करायचे. पवनारहून विनोबा रोज खांद्यावर फावडं टाकून सुरगावला मैला उचलायला पायी जायचे. इथेच दत्तपूरला देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं, गावातल्या गवंड्याला करता येईल, दुरुस्त करता येईल, अशा वस्तूंसाठी. या जिल्ह्याने संडासाकडे उघड्या डोळ्यांनी बघायला शिकवलं, आणि आपण आता त्यावर इटालियन टाइल लावतो.

मालकीण : हे फार गोड आहे, काकाजी, पण अर्धंच आहे. गांधी-विनोबांनी मैला उचलला तो निवडीने, आणि म्हणून त्यांचं नाव झालं. ज्यांना जातीने ते काम लावून दिलं होतं त्यांचं नाव कोणी घेतलं? बाबासाहेबांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. या कामाला पवित्र म्हणायचं आणि करणाऱ्याने ते अभिमानाने करत राहावं असं सुचवायचं, यातला कावा त्यांनी १९४५ च्या पुस्तकात उघडा केला. त्यांचं म्हणणं, हे काम सोडा. या जिल्ह्यात त्यांचं ऐकणारी घरं थोडी नाहीत. तुमच्या जुन्या वाड्यांतल्या संडासाचा ‘उघडेपणा’ आठवा ना. त्याला मागच्या बोळात एक झरोका असायचा, तिथून दुसरीच कोणीतरी बाई टोपली ओढून न्यायची. घरातल्या माणसाला काही दिसत नव्हतं, वासही यायचा नाही. सगळं उघडं होतं ते फक्त तिच्यासाठी. माझ्या मते तो झरोका बुजला तो फ्लशमुळे. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ चा कायदा आला, २०१३ चा आला, पण त्या टोपलीला खरोखर हद्दपार केलं ते पाण्याच्या वाकणाने आणि भिंतीआडच्या पाइपाने. तुम्ही ‘दुरुस्त करता येणं’ म्हणता. मला विचाराल तर काही गोष्टी कोणाच्याच हाताला लागू नयेत, यात प्रगती आहे.

(इथे लेखकाला मधे बोलावंसं वाटतं. फरशीवरून सुरू झालेलं बोलणं गांधी-आंबेडकरांवर पोचलं, हे वर्ध्यात अगदी सहज होतं, आणि बहुतेकदा तिथेच अडकून पडतं. दोघंही आपापल्या माणसाचा फोटो पुढे करून मोकळे होतात आणि फरशी राहते तशीच. हे दोघं मात्र परत फरशीवर आले, म्हणून पुढचं लिहिलं.)

ओव्हरसिअर : झरोक्याचं तू बोललीस ते मला खोडता येत नाही. खोडायची इच्छाही नाही. पण मग शेवटपर्यंत जा. बटण दाबलं, मैला भिंतीत गेला. पुढे? तुझ्या भागात गटार योजना तुझ्या दारापर्यंत आलेली नाही. तो जातो अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये. त्याचं चेंबर कुठे आहे, दाखव बरं मला.

मालकीण : गाडी लावतो त्या जागी. वर पेव्हर ब्लॉक टाकलेत.

ओव्हरसिअर : कोणत्या ब्लॉकखाली? ठाऊक नाही ना? मी भिंतीतल्या टाकीवर एवढा वेळ घालवला, ती माझी चूक म्हण हवं तर. ती टाकी निरुपद्रवी आहे, तिच्यात स्वच्छ पाणी असतं. खरं लपवलेलं अंगणात आहे. दोनतीन वर्षांनी गाळ काढायला हवा, पण झाकण सापडत नाही म्हणून कोणी काढत नाही. मग एक दिवस कमोड मागे फेकायला लागतो, आपण घाबरून फोन लावतो, सक्शनची गाडी येते, पोरगा सब्बलने ब्लॉक उचकटतो. नळी पोचत नाही, तळाशी घट्ट गाळ, आणि तो आत वाकतो. आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की वाससुद्धा येत नाही, एक-दोन श्वासांत माणूस आडवा. कायद्याने माणूस आत उतरवणं बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. म्हणजे मरणं चालू आहे, म्हणूनच रक्कम वाढवावी लागली. तू म्हणतेस झरोका बुजला. मी म्हणतो तो मागच्या बोळातून निघून पेव्हर ब्लॉकखाली गेला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीला गोपुरी संडासाचे प्रयोग केले, ते याचसाठी, की मैल्याचं खत व्हावं आणि कोणाला ताजा मैला हाताळावा लागू नये. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मागण्यासाठी त्यांनी अन्न सोडलं, येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास धरला. तू म्हणशील, तेही निवडीनेच. असेल. पण त्या माणसाने तिथेच न थांबता संडासाची रचना बदलायला घेतली, तेवढं तरी मान्य कर.

मालकीण : ते मान्य. रचना बदलणं ही गोष्ट मला कळते, उपास कळत नाही. आणि तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते रचनेचंच आहे. पाइप भिंतीत आहे की भिंतीवर, याला फारसं महत्त्व नाही. जिथे कधीतरी माणसाचा हात लागणारच आहे तिथे झाकण असावं, आणि ते सापडावं. जिथे लागायचं कारण नाही तिथे खुशाल बुजवा. आता भिंतीचं बघू. फरशी मी मुरमापर्यंत उखडते, चला. भांडं फुटलं तर फुटलं. फुटलं तर मी टांगता कमोड घेणार, हे आत्ताच सांगते, आणि तेव्हा भिंत फोडावी लागली तर तीही फोडेन. पण भिंत बंद करण्याआधी पाइपांचे फोटो काढून ठेवेन, टेप लावून, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पाण्याच्या पाइपांची दाब-चाचणीही टाइल लावण्याआधी. सहा वर्षांपूर्वी ही एक गोष्ट केली असती तर आज तुमच्याकडे यावं लागलं नसतं.

ओव्हरसिअर : फोटो कुठे ठेवशील? मोबाइलमध्ये? मोबाइल दोन वर्षांत बदलतो, भिंत पन्नास वर्षं उभी असते. घर भाड्याने दिलंस, विकलंस, तर पुढच्याला काय कळणार? आमच्या काळी नकाशा ऑफिसात असायचा, खरा असो की खोटा, पण असायचा. कागदावर काढ आणि मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटव. आणि चेंबरचं झाकण ब्लॉकच्या वर काढून घे, लोखंडी कडीसकट.

मालकीण : कागद चिकटवते. झाकण नाही. तिथे गाडी लागते आणि आई तिथूनच वॉकर घेऊन फिरतात, दोन इंच वर आलेल्या झाकणाला त्या अडखळणारच. आणि तुम्ही ‘दिसलं की काळजी घेतली जाते’ असं धरूनच चालता. आपल्या गल्लीतली नाली चोवीस तास उघडी आहे, सगळ्यांना दिसते. बघतो का तिच्याकडे कोणी?

ओव्हरसिअर : बघत नाही. पण तुंबली की कुठे तुंबली ते कळतं आणि भांडायला तरी जाता येतं. झाकण समपातळीला बसव मग, भारी वजनाचं, वरच्या ब्लॉकला वेगळा रंग दे.

मालकीण : समपातळीला बसवलं तर पावसाचं पाणी थेट टाकीत उतरेल, तुम्हीच मागे सांगितलं होतं की टाकीत पाऊस गेला की ती निकामी.

ओव्हरसिअर : मग गाडी बाहेर लाव, झाकण वर राहू दे, आणि आईंच्या वॉकरसाठी बाजूने रस्ता काढ.

मालकीण : गाडी बाहेर लावली तर ती नालीवर उभी राहते, काकाजी, आणि नाली साफ करायला येणाऱ्याला मग गाडीखाली हात घालावा लागतो.